वरठीहून गुलमर्गला: बर्फावरचे सामने बघायला जाताना

आपल्याकडे थंडीचे दिवस म्हणजे मंडई, दंडार, शंकरपट आणि गावोगावचे कबड्डीचे सामने. कुडकुडत्या रात्री शाल गुंडाळून मैदानाच्या कडेला बसणारा भंडाऱ्याचा माणूस खेळाचा शौकीन आहे, यात वादच नाही. बर्फावरचे खेळ मात्र त्याच्यासाठी आजवर टीव्हीपुरतेच होते. आता तसं राहायचं कारण उरलेलं नाही. ६ जून २०२५ ला कटरा ते श्रीनगर रेल्वेचं उद्घाटन झालं आणि वरठीच्या भंडारा रोड स्थानकासमोरचे रूळ थेट काश्मीर खोऱ्यापर्यंत जोडले गेले. खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धांचा बर्फावरचा भाग गुलमर्गला होतो. विमानाचा खर्च न करता, मुलाबाळांसह तिथवर जाऊन हे सामने डोळ्यांनी बघता येतात.

या प्रवासाची आखणी मात्र नेहमीच्या सहलीसारखी करू नका. वैष्णोदेवीला जाताना तारीख आपण ठरवतो. इथे ती बर्फ ठरवतो. २०२५ चंच बघा. गुलमर्गचे सामने २२ ते २५ फेब्रुवारीला व्हायचे होते. हिवाळा कोरडा गेला, उतारांवर पुरेसा बर्फ साचला नाही आणि सामने पुढे ढकलावे लागले. ते शेवटी ९ ते १२ मार्चला झाले. ज्यांनी फेब्रुवारीची जाण्या-येण्याची तिकिटं, हॉटेल आणि रजा असं सगळं पक्कं करून ठेवलं असेल, त्यांचं काय झालं असेल याचा अंदाज करा. म्हणून पहिली गोष्ट अशी की तारखा जाहीर झाल्या तरी प्रवासाच्या दोन्ही टोकांना मोकळे दिवस ठेवा आणि रद्द करता येणार नाही असं काहीही आगाऊ घेऊ नका.

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी ते १२० दिवस आधी उघडायचं. आपल्या कामासाठी हा बदल चांगलाच म्हणायचा, कारण दोन महिने आधी हिवाळा कसा चाललाय हे थोडंफार कळू लागतं. जाण्याचं साधं आरक्षण उघडल्याबरोबर करून टाका. जितकं आधी रद्द कराल तितकी कपात कमी. तत्काळच्या भरवशावर राहू नका. एक तर ते मिळेलच असं नाही, आणि मिळालेलं पक्कं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत येत नाहीत. परतीचं तिकीट सामन्यांच्या शेवटच्या दिवसानंतर किमान दोन दिवस सोडून काढा. खोऱ्यात मोठा बर्फ पडला की विमानं रद्द होतात, रामबनकडे दरडी कोसळून जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडतो. रेल्वे त्यातल्या त्यात तग धरते, पण बनिहालच्या पुढे तीसुद्धा कधी कधी काही तास थांबते. उन्हाळी धान घेणाऱ्यांसाठी सामन्यांचा हा काळ अडचणीचा आहे, कारण रोवणी नेमकी याच सुमारास येते. अशा घरांतून सगळ्यांनी एकदम निघू नये. पाण्याची पाळी सांभाळायला कोणीतरी मागे हवं.

आणखी एक खुलासा आधीच करतो. या स्पर्धांचा दुसरा भाग लेहला होतो. बर्फावरचं स्केटिंग आणि आइस हॉकी तिथे, नवांग दोरजन स्तोबदान स्टेडियममध्ये आणि गुपुक तलावावर. त्या स्केटिंगमध्ये महाराष्ट्राची मुलं पदकं मिळवत आली आहेत. ती घरी चाकांच्या स्केटवर घडलेली, आणि तिथे पात्याच्या स्केटवर उभी राहणारी. त्यांना बघायची इच्छा होणं स्वाभाविक आहे. पण लेहला रेल्वे नाही, हिवाळ्यात झोजी ला ओलांडणं आपल्यासारख्यांचं काम नाही, आणि साडेतीन हजार मीटर उंचीवर विमानाने एकदम उतरलं की पहिले दोन दिवस खोलीतच पडून राहावं लागतं. रेल्वेने आणि कुटुंबासह जायचं असेल तर गुलमर्गच निवडा.

आता मार्ग. वरठीहून जाणारी कोलकाता-मुंबई लाइन आपल्याला पूर्व-पश्चिम नेते, आणि आपल्याला जायचंय उत्तरेला. त्यामुळे बहुतेकांसाठी खरी सुरुवात नागपूरची. चेन्नईहून येणारी अंदमान एक्सप्रेस आणि कन्याकुमारीहून येणारी हिमसागर एक्सप्रेस नागपूरवरून थेट जम्मू-कटऱ्याकडे जातात. दोन्ही रोज नसतात, आणि त्यांचं शेवटचं स्थानक अधूनमधून बदलतं. म्हणून वार आणि शेवटचं स्थानक तिकीट काढतानाच तपासा. दुसरा पर्याय दिल्लीपर्यंत जाण्याचा. नागपूरहून दिल्लीला गाड्यांची कमी नाही, आणि दिल्लीहून कटऱ्याला वंदे भारत, श्रीशक्ती अशा गाड्या आहेत. गोंदिया, भंडारा रोड, नागपूर या मार्गाने छत्तीसगड एक्सप्रेस अमृतसरपर्यंत जाते. पंजाबात उतरून पुढची गाडी पकडायची तयारी असेल तर तीही चालेल, पण ती सावकाश जाणारी गाडी आहे. म्हातारी माणसं सोबत असतील तर मी दिल्लीचा मार्ग सुचवेन आणि तिथे एक रात्र मुक्कामही सुचवेन. उत्तरेत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात. जानेवारीत तर हमखास, फेब्रुवारीतही कधी कधी. दिल्लीत दोन गाड्यांमध्ये दोन-तीन तासांचं अंतर ठेवून आखलेला प्रवास या दिवसांत जुगारच असतो.

वाटेत गाडी अनेक वेळा राज्यांच्या सीमा ओलांडते. नरखेड सोडलं की मध्य प्रदेश, झाशीला उत्तर प्रदेश, मग हरियाणा, दिल्ली, पंजाब. यातली एकही सीमा खिडकीतून जाणवत नाही. एक मात्र जाणवते. पठाणकोट मागे पडतं, गाडी रावी ओलांडून कठुआकडे निघते आणि डब्यातले अर्धे मोबाइल एकाच वेळी मुके होतात. इतर राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे होणारा गोंधळ नुसता फोन न लागण्यापुरता राहत नाही. बँकेचा ओटीपी येत नाही, यूपीआय अडकतं, हॉटेलवाला फोन करत राहतो. पोस्टपेड चालतं. म्हणून घरातल्या किमान दोघांचे नंबर निघण्याच्या महिनाभर आधी पोस्टपेड करून घ्या, नंबर तोच राहतो. त्यातला एक नंबर असा हवा, ज्याला बँकेचं खातं जोडलेलं आहे. हॉटेल, गोंडोला (गुलमर्गची केबल कार) आणि गाडीच्या तिकिटांचे कागदी प्रिंट काढा, आणि थोडी रोख रक्कम दोघांच्या खिशात वाटून ठेवा.

कटऱ्याला गाडी बदलायची. बाहेरून आलेल्या गाड्या थेट श्रीनगरला जात नाहीत. सुरक्षेसाठी प्रवाशांची आणि सामानाची तपासणी होऊन पुढची गाडी मिळते. त्यामुळे हातात दीड-दोन तास ठेवा, आणि आधारकार्ड बॅगेच्या तळाशी नको, वर हवं. कटऱ्याची माहिती आपल्याकडे गावोगाव आहे. वैष्णोदेवीला जाऊन आलेलं माणूस शेजारीपाजारी सहज सापडेल, राहण्या-जेवण्याचं त्यांनाच विचारा. श्रीनगरच्या वंदे भारतचं आरक्षण वेगळं काढावं लागतं. सेवा सुरू झाली तेव्हा चेअर कारचं भाडं ७१५ रुपये होतं. प्रवास तीन तासांचा. ही गाडी थंडीसाठी खास बनवलेली आहे. डबे उबदार, पाण्याच्या टाक्यांना आणि नळांना गोठू नये म्हणून तापवण्याची सोय, आणि चालकाच्या समोरच्या काचेवर बर्फ साचू नये म्हणून तीही गरम राहते.

या तीन तासांतली पहिली पंधरा-वीस मिनिटं झोपेत घालवू नका. कटऱ्याहून निघाल्यावर आधी अंजी खडचा पूल येतो, भारतीय रेल्वेचा पहिला तारांवर तोललेला पूल, ९६ तारांचा. मग रियासीच्या पुढे चिनाबचा. नदीच्या तळापासून ३५९ मीटर उंच, आयफेल टॉवरपेक्षा ३५ मीटर अधिक. लांबी १३१५ मीटर, म्हणजे गाडी तो मिनिटाभरात पार करते. तेवढाच वेळ तुमच्याजवळ असतो. कटरा ते बनिहाल हा १११ किलोमीटरचा टप्पा बहुतांश बोगद्यांतून जातो, त्यामुळे मुलांना आधी सांगून ठेवा की उजेड येईल तेव्हाच बाहेर बघायचं. खडी-सुंबड दरम्यानचा बोगदा तर पावणेतेरा किलोमीटरचा आहे. बनिहालनंतर पीर पंजालचा ११ किलोमीटरचा बोगदा लागतो. त्याच्या अलीकडे तपकिरी डोंगर आणि पलीकडे पांढरं खोरं असं दृश्य चांगल्या हिवाळ्यात दिसतं.

श्रीनगरचं रेल्वे स्थानक शहराबाहेर नौगामला आहे. गुलमर्ग तिथून साधारण ५० किलोमीटर, टॅक्सीने तंगमर्गवरून. एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर काश्मीरमधली अनेक पर्यटनस्थळं काही काळ बंद होती. तेव्हा निघण्याआधी प्रशासनाच्या सूचना बघा, आणि वाटेत तपासणीसाठी गाडी थांबवली तर चिडचिड करू नका. तो तिथला रोजचा भाग आहे.

तंगमर्ग ते गुलमर्ग हे शेवटचे १३ किलोमीटर म्हणजे पूर्ण प्रवासातला सगळ्यात नाजूक तुकडा. बर्फ पडलेला असेल तर साध्या गाड्या तंगमर्गलाच थांबवतात. पुढे साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांनाच सोडतात. ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला गाडी घेतो, लोखंडी साखळी बर्फावर पसरतो, चाक तिच्यावर चढवतो आणि दोन्ही टोकं वरून ओढून आकड्यात अडकवतो. उघड्या हातांनी, उणे तापमानात. हे काम पाच-दहा मिनिटांचं असतं. त्यासाठी आणि या टप्प्यासाठी वेगळे पैसे पडतात. ते श्रीनगरलाच ठरवून घ्या, म्हणजे बर्फात उभं राहून घासाघीस करायची वेळ येत नाही. गुलमर्गमधली हॉटेलं सामन्यांच्या दिवसांत महाग असतात आणि लवकर भरतात. तंगमर्गला राहून रोज वर जाणं स्वस्त पडतं. माझं मत विचाराल तर पैसे वाचवायचे असतील तर ते प्रवासाच्या वर्गात वाचवा, आणि सामन्यांच्या किमान एका रात्री गुलमर्गलाच राहा. सामने सकाळी लवकर सुरू होतात, आणि रात्री बर्फ पडला तर खालून वर येणाऱ्यांचा पहिला सामना हमखास हुकतो.

जेवणाची काळजी आपल्या लोकांना फार असते. भंडारा भाताचा जिल्हा आणि काश्मीरही भाताचाच मुलूख. मांसाहार न करणाऱ्यांनाही भात, राजमा, हाक नावाची पालेभाजी, कमळकाकडी मिळते. घरून नेलेला चिवडा आणि तिळाचे लाडू प्रवासात कामी येतातच.

आता जो मुद्दा पूर्व विदर्भातल्या वाचकांनी सगळ्यात गंभीरपणे घ्यावा असं मला वाटतं, तो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल आहे. हा आजार असलेल्या व्यक्तीच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं, दमणूक आणि उंचीवरची विरळ हवा ही चारही कारणं हा त्रास उफाळून आणणारी आहेत, आणि गुलमर्गला ती चारही एकत्र येतात. गाव २६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला साधारण ३००० मीटरवर नेतो आणि दुसरा टप्पा अफरवतच्या कुशीत ३९०० मीटरच्या वर. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या रुग्णाने डॉक्टरांशी नीट बोलल्याशिवाय या प्रवासाचा विचारही करू नये. एएस म्हणजे वाहक असलेल्यांना एरवी काही त्रास नसतो, म्हणून ते निर्धास्त असतात. पण जास्त उंचीवर वाहकांच्या प्लीहेला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. डाव्या बरगडीखाली अचानक जोरात दुखू लागलं तर ते पोटदुखी समजून अंगावर काढू नका, लगेच खाली उतरा आणि दवाखाना गाठा. घरातल्या कोणाचीच तपासणी झालेली नसेल तर जाण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात ती करून घ्या. वाहकांनी दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नये, असंच मी म्हणेन. सामने तिथे होतही नाहीत. हृदयविकार, दमा, जास्त रक्तदाब असलेल्यांनीही डॉक्टरांना उंचीचे आकडे दाखवून विचारावं. थंडीत तहान लागत नाही, म्हणून सगळ्यांनीच आठवणीने कोमट पाणी पीत राहावं.

कपड्यांचं सूत्र सोपं आहे. एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे, आणि अंगाला लागून सुती काहीही नको. सुती कापड घामाने ओलं झालं की ओलंच राहतं आणि अंगातली ऊब शोषून घेतं. आत थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. लांब गमबूट आणि जाड कोट तंगमर्ग-गुलमर्गला भाड्याने मिळतात, त्यासाठी घरून ओझं नेऊ नका. हातमोजे मात्र पाणी न शिरणारे आणि स्वतःचे न्या. लोकरीचे हातमोजे एकदा बर्फात भिजले की उपयोगाचे राहत नाहीत. गॉगल हवाच, कारण बर्फावरून परावर्तित होणारं ऊन डोळ्यांना आणि चेहऱ्याला भाजून काढतं. मोबाइलची बॅटरी थंडीत भराभर उतरते, तो आतल्या खिशात ठेवा. आणि रात्रीची एक सूचना. खोलीत बुखारी (शेगडी) किंवा कांगडी (निखाऱ्यांची टोपली) पेटती असेल तर दारं-खिडक्या गच्च बंद करून झोपू नका. धुराचा वास आला नाही तरी पेटत्या कोळशातून निघणारा विषारी वायू जीव घेतो.

सामने बघायचे कसे, हेही थोडं समजून जा, नाहीतर सगळे एकसारखे घसरताना दिसतात. नॉर्डिक स्कीइंग गोल्फ मैदानाच्या सपाटीवर होतं, तिथे चालत जाता येतं. यात टाच मोकळी असते, खेळाडू लांबच लांब अंतर स्वतःच्या दमावर कापतो आणि शेवटची रेषा ओलांडली की बर्फावर आडवा पडतो. ज्यांना पळण्याच्या शर्यती आवडतात त्यांना हा प्रकार लगेच भिडेल. अल्पाइनचे, म्हणजे उतारावरून वेगाने खाली येण्याचे, सामने वर कोंगडोरीच्या उतारांवर. तिथे जायला गोंडोलाचं तिकीट लागतं आणि ते जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावर आगाऊ काढावं लागतं. स्लॅलममध्ये ज्यांतून वळणं घेत खाली यायचं ती फाटकं जवळजवळ असतात, जायंट स्लॅलममध्ये दूरदूर आणि वेग जास्त. एक फाटक चुकलं की खेळाडू बाद. दोन फेऱ्यांच्या वेळेची बेरीज होते, म्हणून पहिल्या फेरीत पुढे असलेला दुसऱ्या फेरीत सांभाळून खेळतो की झोकून देतो, हे बघण्यासारखं असतं. उभं राहायला शेवटच्या रेषेपेक्षा उताराच्या मधलं वळण चांगलं, अर्थात संयोजकांनी आखलेल्या दोरीच्या बाहेर. तिथे स्कीच्या धारेचा करकर आवाज ऐकू येतो आणि प्रत्येक खेळाडूगणिक त्या वळणावर चर खोल होत जाताना दिसतो. मागच्या क्रमांकाच्या खेळाडूला त्याच चरातून जायचं असतं, आणि म्हणून त्याने वेळ थोडी जास्त घेतली तरी टाळ्या त्याच्यासाठी वाजवाव्यात.

स्की माउंटेनिअरिंग चुकवू नका. यात खेळाडू स्कीच्या तळाला चिकटपट्टीसारखी केसाळ पट्टी लावून चढ चढतो. केस एकाच दिशेने असल्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. वर पोचल्यावर एका झटक्यात पट्टी उपटून जाकिटात कोंबायची आणि खाली सुटायचं. हा खेळ मिलानो-कोर्तिनाच्या २०२६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा घेतला गेला. सेनेचे आणि आयटीबीपीचे जवान डोंगरात राहणारे, त्यांचा दबदबा इथे असतो. आरिफ खान हे नाव मुलांना सांगून ठेवा. बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा तो एकमेव खेळाडू होता, जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला, आणि तो याच उतारांवर शिकलेला आहे.

   

गुलमर्गला मुलं सोबत असतील तर सामन्यांनंतरचा एक दिवस शिकण्यासाठी ठेवा. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था तिथेच आहे आणि नवशिक्यांसाठी हिवाळ्यात स्कीइंगचे अभ्यासक्रम घेते. देशभरातून मुलं येतात, आधी काही येण्याची अट नसते. पहलगामची जवाहर पर्वतारोहण व हिवाळी क्रीडा संस्थाही असे अभ्यासक्रम चालवते. साकोली-तुमसरच्या शाळांतल्या क्रीडाशिक्षकांनी गुलमर्गच्या संस्थेच्या कार्यालयात स्वतः जाऊन वयाची अट, वैद्यकीय प्रमाणपत्राचा नमुना आणि अर्जाची मुदत विचारून घ्यावी. जागा मोजक्या असतात, त्यामुळे पुढच्या वर्षीचा अर्ज दिवाळीच्या आत गेला पाहिजे.